चहा महाग, बक्षीस बंद!

चहाचा दर वाढवला की माणसाची इज्जत वाढते, असं एके काळी माझं ठाम मत होतं. त्या काळी मला मतं पुष्कळ होती. काम नव्हतं.

मी हैदराबादेहून नुकताच मुरुमला परत आलो होतो. शिकून आलो, असं मी सांगायचो. परीक्षेनं परत पाठवला, असं आमचे अप्पा सांगायचे. (समोरचं माणूस बघून आम्ही दोघं आपापलं वाक्य वापरायचो.) निजामाचं राज्य होतं, दूर कुठंतरी मोठी लढाई पेटली होती, साखर औषधालाही मिळत नव्हती, पण पेठेतलं आमचं चहाचं हॉटेल मात्र जोरात चालायचं. गुळाचा चहा, कांदाभजी आणि सुशीला, एवढाच मामला. सुशीला म्हणजे चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे आणि वर शेंगदाण्याचं कूट घालायचं. पलीकडं कानडी मुलखात तिला सुसला म्हणतात. आमच्या गावात येईस्तोवर तिची सुशीला झाली. माझी आई, म्हणजे आमची अव्वा, मागच्या चुलीवर ती करायची आणि तिच्या वासानं माणसं अर्धा सौदा टाकून आमच्या दारात यायची.

हॉटेल अप्पांचं असलं तरी राज्य बसप्पाचं होतं. बसप्पा गिऱ्हाइकांना चहा द्यायचा. म्हणजे द्यायचा की नाही, हे तोच ठरवायचा! जो बक्षीस देईल त्याचा चहा भट्टीवरून उडी मारून यायचा. जो देणार नाही त्याचा चहा पायी यायचा, आणि तोही वाटेत विसावा घेत.

देशमुखांचं बक्षीस तर बघण्यासारखं असायचं. चहा झाला की ते उठत, उपरणं झटकत आणि नाणं टेबलावर असं टाकत की ते आधी खणकन वाजायचं, मग गोल गोल फिरायचं आणि आडवं पडायच्या आत बसप्पाचा पंजा त्याच्यावर पडायचा.

"ए बश्या, ठेव तुला!"

सगळं हॉटेल वळून बघायचं. देशमुख चहा प्यायला यायचेच नाहीत. ते हे करायला यायचे. चहा आपला मध्ये लागायचा.

आणि याच्या उलट होती आमच्या पायरीवर बसणारी भाजीवाली गंगव्वा. ती बक्षीस देत नसे, त्यामुळं बसप्पाला ती दिसत नसे. एकदा तिनं चहा सांगितला, मेथीची अख्खी पाटी विकली, एका गिऱ्हाइकाशी भांडली, शेजारणीचं भांडण सोडवलं, तरी चहा आला नाही. आला तेव्हा तिनं कपात बोट घातलं आणि म्हणाली, "ह्याच्यात म्हस डुंबवायला हरकत न्हाय."

हे बघून माझं रक्त खवळलं. त्याला एक जुनं कारणही होतं. हैदराबादेत एका बड्या हॉटेलात माझ्याजवळ बक्षिसापुरतं काही उरलं नव्हतं, तेव्हा तिथल्या बेऱ्यानं, म्हणजे वाढप्यानं, माझी टोपी मला परत देताना ती मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरली होती!

मी अप्पांना गाठलं. ते कढईपुढं बसून भजी सोडत होते.

"अप्पा, बक्षीस बंद करायचं."

"कुनाचं?"

"सगळ्यांचंच. चहाचा दर थोडा वाढवायचा. ती वाढ बसप्पाच्या पगारात घालायची. आन् गिऱ्हाईक कुणी का असंना, चहा सगळ्यांना सारखा."

अप्पांनी एक भजं उलटवलं. "मी फी भरत हुतो ती ह्याचीच का?"

"माणसानं माणसापुढं हात पसरणं वाईट असतंय, अप्पा."

"परवा तू माझ्यापुढं पसरला हुतास."

"ते... घरातल्या घरात हाय."

आतून अव्वा ओरडली, "करू द्या की त्याला काय करायचंय ते! रिकामं बसून माझ्या सुशीलात मीठ जास्ती हाय म्हणून सांगतंय!"

अव्वाच्या चुलीपुढं अप्पांचं काही चालत नसे. त्यांनी हुकूम काढला: पुढच्या बाजारापर्यंत मुदत. जमलं तर जमलं. न्हाय तर मी मतं गुंडाळून ठेवायची आणि खांद्यावर फडकं टाकून जन्मभर कपबशा उचलायच्या.

"आन् एक ध्यानात ठेव," ते म्हणाले. "बेंबळीहून तुझ्या सोयरिकीचा निरोप आलाय. ती माणसं कधीतरी पोरगं बघाय येनार. तवर हाटेल जाग्यावर राहू दे म्हंजे झालं."

मी तसाच बसप्पाकडं गेलो आणि म्हणालो, "बसप्पा, तुम्ही जरा इकडं या."

बसप्पानं मागं वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. त्याला जन्मात कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी त्याला सगळं समजावलं. माणुसकी, स्वाभिमान, समता. तो मिशीला पीळ देत ऐकत राहिला.

"म्हणजे तुमचा पगार वाढणार बघा!"

"पगार बायकू घेती, धाकटं मालक," बसप्पा म्हणाला. "बक्षीस मी घेतो."

हा मुद्दा माझ्या पुस्तकांत नव्हता. म्हणून मी पाटी रंगवायला बसलो.

पाटी झकास झाली. वर मराठीत, खाली उर्दूत: "बक्षीस बंद. चहाचा दर वाढला आहे. हुकमावरून." अप्पांनी विचारलं, हुकूम कुणाचा? मी म्हटलं, आपलाच. "मग माझ्या डोळ्यांदेखत कुनाला सांगू नको," ते म्हणाले आणि कढईकडं तोंड करून बसले.

सकाळी पाटी लागली आणि दारात ही गर्दी जमली! माझी छाती फुगली. विचार असा पसरतो तर, असं मनात म्हणत मी पुढं झालो. गंगव्वा सगळ्यांच्या पुढं होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेजारच्या हमालानं तिला पाटी वाचून दाखवली.

"बक्षीस बंद झालं म्हनतंय."

"म्हंजे आजवर हुतं व्हय?"

"हुतं म्हनूनच बंद केलंय की."

गंगव्वा तरातरा अप्पांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "अप्पा, इतकी वर्सं तुमच्या पायरीवर चहा पिते. माझं बक्षीस कोन खाल्लं?"

मागून हमाल ओरडले, "बंद व्हायच्या आदुगर आमचं देऊन टाका!"

"मला भांडं द्या!" कुणीतरी म्हणालं.

"मला रोख!"

बघता बघता बक्षीस न्यायला माणसं रांगेत उभी राहिली. अप्पांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की तिच्यापेक्षा कढईतलं तेल गार असावं! मी बाकड्यावर चढलो आणि ओरडून सांगितलं की, बक्षीस हे गिऱ्हाइकाला मिळायचं नसतं, गिऱ्हाइकानं बसप्पाला द्यायचं असतं, आणि तेच आता बंद झालंय.

गंगव्वानं विचार केला.

"म्हंजे ते मी द्यायचं हुतं?"

"व्हय."

"आन् म्या तर कंदीच दिलं न्हाय."

"न्हाय दिलं."

"मग माझं बंद काय केलंस रं मल्लू? माझं सुरूच न्हवतं! तू नुसता माझा चहा महाग केलास की!"

हैदराबादेत मी पुष्कळ विचार केला होता, पण गंगव्वाच्या बाजूनं केला नव्हता. मी बाकड्यावर उभा राहून घाम पुसला. मग म्हणालो, "गंगव्वा, चहा महाग झाला हे खरं. पण आता तुमचा चहा आन् देशमुखांचा चहा एकाच किटलीतनं, एकाच टायमाला येणार."

"बरूबर?"

"बरोबर."

"मग बसते बी बरूबरच," असं म्हणून गंगव्वानं पायरी सोडली, आत आली आणि थेट देशमुखांच्या बाकड्यावर बसली. तिच्यामागं हमाल बसले. बक्षीस कुणालाच मिळालं नाही, पण बसायला बाकडं मिळालं, त्यामुळं रांग समाधानानं मोडली. मी गल्ल्यावर बसून स्वतःवर खूश झालो.

तेवढ्यात देशमुख आले.

त्यांनी गंगव्वाकडं बघितलं. गंगव्वानं सरकून जागा दिली. ते कसेबसे टेकले, चहा प्याले (तिच्याबरोबरच आला, बसप्पानं दोन्ही कप सारखेच आपटले), उठले, उपरणं झटकलं आणि नाणं टाकलं. खणकन वाजलं. गोल गोल फिरलं. बसप्पाचा पंजा सवयीनं पुढं गेला आणि अधांतरी थांबला. नाणं टेबलावरून घरंगळलं आणि बाकड्याखाली गेलं.

"उचल की रं, बश्या."

"बंदी हाय."

"कुनाची?"

बसप्पानं हनुवटीनं मला दाखवलं. देशमुखांनी वाकायचा विचार केला असावा, पण त्यांचं पोट त्यांच्या विरोधात होतं. "तुमचं पडलंय ते," गंगव्वानं मदत केली. देशमुख लाल झाले आणि तसेच निघून गेले.

प्रकरण इथं मिटलं असतं. पण बसप्पा माझ्यावर डूख धरून होता, आणि हुकूम पाळायचा तर तो पुरता पाळायचा, असं त्यानं ठरवलं होतं. त्यानं नाणं शोधून काढलं आणि भर पेठेतून देशमुखांच्या मागं धूम ठोकली.

"ओ देशमुख! थांबा! चहाच्या दुकानातलं पैसं राहिलं की तुमचं!"

अख्खी पेठ थांबली. "काय म्हन्ता? देशमुख पैसं न देता चालले व्हय?"

"बडी माणसं बाबा! उधारीवर चहा पितेत!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी उमरग्याला पोचली होती.

त्यानंतर लोकांनी चोरून बक्षीस द्यायला सुरुवात केली. बशीखाली नाणी निघायला लागली, पाण्याच्या तांब्यात निघायला लागली. कुणी 'बसप्पाच्या पोराला खाऊ' म्हणून देऊ लागलं. (बसप्पाला पोर नव्हतं.) एका बहाद्दरानं तर नाणं भज्यात खुपसून बसप्पासाठी बशीत ठेवलं. ते भजं अप्पांनी खाल्लं! अप्पांचा दात हलायला लागला आणि त्याबरोबर माझं गल्ल्यावरचं आसनही.

बसप्पा मात्र सगळ्यांना सारखाच चहा द्यायला लागला. सारखाच उशिरा. हॉटेलात समता आली. फक्त ती गार होती.

समोर करीमचाचांचं चहाचं दुकान होतं. चाचा अप्पांचे जुने दोस्त. एका सकाळी ते मुद्दाम रस्ता ओलांडून आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मल्लू मियाँ, अल्ला तुमकू सलामत रक्खे! हमारे दुकान में बैठने कू जगा नै रही. ऐसाच चलने देव, बंद नक्को करो!"

अप्पा ऐकत होते. त्यांनी फक्त हलणाऱ्या दातावर जीभ फिरवली.

आणि बाजाराचा दिवस उजाडला.

बाजाराच्या दिवशी आमच्याकडं पाय ठेवायला जागा नसायची. बसप्पा उशिरानं आला. पांढरंशुभ्र धोतर, मिशीला तेल. येऊन देशमुखांशेजारी बाकड्यावर बसला (देशमुख आले होते, रुसवा होता, पण चहाची तलफ रुसव्यापेक्षा मोठी होती), आणि म्हणाला, "एक चहा."

"बसप्पा, कामाला लागा. गर्दी बघा!"

"आज रजा हाय. गिऱ्हाईक म्हनून आलोय. पगार वाढलाय, तवा चहा परवडतोय."

मी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी शांतपणं खुंटीवरचं फडकं काढलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. हैदराबादेतलं माझं सगळं शिक्षण त्या फडक्याखाली झाकलं गेलं.

पुढची हकिगत सांगताना अजून माझी बोटं भाजतात. भजी मागणाऱ्याला चहा दिला, चहा मागणाऱ्याला पाणी दिलं, पाणी मागणाऱ्याच्या मांडीवर चहा दिला. बसप्पा पायावर पाय टाकून सूचना करत होता. "बशी पुसली का? ... अंगठा चहात घालू न्हाय... पळा, पळा, तो हमाल लई येळ बसलाय!"

अशात दारात एक पाहुणे आले. भरदार माणूस, मोठं लाल पागोटं, करकरीत वहाणा. त्यांच्याबरोबर काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई. त्या काळी घरंदाज बायका हॉटेलात येत नसत. सगळे बघायला लागले.

"बघताव काय?" म्हातारी म्हणाली. "चहा प्यायला आलेय, नाचायला न्हाय."

दोघं बसले. मी धावत गेलो.

"खायला काय हाय?" पाहुण्यांनी विचारलं.

"सुशीला हाय की. गरमागरम!"

पाहुण्यांनी दचकून वर बघितलं. "कोन?"

"सुशीला! लई नावाजलेली हाय. सगळं गाव खूश हाय तिच्यावर."

म्हातारीनं काठी सरळ धरली. "कुनाची सुशीला म्हनालास?"

"आमचीच की. जरा तिखट हाय, पण लिंबू पिळलं की गप बसती."

"आमची सुशीला घरी हाय!" पाहुणे उभेच राहिले.

"असंल की," मी समजुतीनं म्हणालो. "घरोघरी असती. पण घरच्या सुशीलाला हाटेलची सर येत न्हाय."

पाहुण्यांचा चेहरा पागोट्याच्या रंगाचा झाला. म्हातारीची काठी वर गेली. नेमकी त्याच क्षणी अव्वानं आतून बशी सरकवली आणि मी ती दोघांच्या मधोमध ठेवली. म्हातारीनं काठी खाली घेतली, वाकून बघितलं, चिमूटभर तोंडात टाकलं.

"अगं बया! इसनाथ, हे चुरमुरं हायेत रं! आपल्याकडच्या परतल्या चुरमुऱ्याला हितं सुशीला म्हन्तेत!" आणि ती अशी हसायला लागली की बाकडं करकरलं. पाहुणे हसले नाहीत, पण बसले. ही माणसं एवढी का चिडली आणि एवढी का हसतायत, ते मला काही कळेना. गिऱ्हाईक लहरी असतं, एवढं म्हणून मी पुढं पळालो.

म्हातारीनं सुशीला आणखी एकदा मागवली. पाहुणेही निवळले. निघताना त्यांनी चहाचे आणि खाण्याचे पैसे दिले आणि वर एक चांदीची चवली माझ्या हातावर ठेवली.

"घे रं पोरा. तुला बक्षीस."

देशमुखांनी कप खाली ठेवला. बसप्पानं पाय खाली घेतला. गंगव्वानं तोंडातलं पान गालात सरकवलं.

खरं सांगतो, त्या घामाघूम अवस्थेत ती चवली हातात फार गार लागली. पण मी ती परत केली. "बक्षीस बंद हाय, मालक. पाटी बघा."

"पाटी ऱ्हाऊ दे. मी खुशीनं देतोय."

"खुशी असली तर तोंडानं सांगा. चहा चांगला झाला म्हणा."

"चहा चांगला न्हवताच! पन तू पळालास लई. म्हनून देतोय."

"पळायचे पैसे दरात धरलेत."

"खुशीला दर लावतोस व्हय रं?" पाहुणे गरजले. "आमच्या गावात माझा हात कुनी मागं सारला न्हाय आजवर!"

"शाब्बास!" देशमुख उभे राहिले. "मी बी हेच म्हंतोय! द्यायला बंदी म्हंजे काय? मग मानूस मोठा हाय ते कळायचं कसं?"

"बाकड्यावर बसल्यावर सगळी सारखीच दिसतेत," गंगव्वा म्हणाली. "म्या बघितलं की बसून."

हमाल ओरडले, "खरंय! ह्या बाजाराला आमचा बी चहा देशमुखांच्या बरूबर आला!"

"गार आला!"

"गार आला, पन देशमुखांचा बी गारच आला!"

हॉटेलात दोन तट पडले. एका बाजूला बक्षीसवाले, दुसऱ्या बाजूला दरवाढवाले. पाहुण्यांनी चवली माझ्या खिशात कोंबली. मी ती त्यांच्या खिशात कोंबली. त्यांनी माझं मनगट धरलं, मी त्यांच्या उपरण्याचं टोक धरलं. अशी झोंबाझोंबी चालली असताना चवली हातातून सुटली, उंच उडाली, सगळ्यांच्या माना तिच्याबरोबर वर गेल्या, आणि ती अप्पांच्या कढईत पडली.

चुर्रर्र!

अप्पा झारा घेऊन उठले. झाऱ्यावर भज्यांच्या मधोमध तळलेली चवली होती. "कुनाची हाय ही?" म्हणत ते गर्दीतून पुढं आले, आणि पाहुण्यांना बघून जागच्या जागी खिळले.

"आवं, विश्वनाथअण्णा! बेंबळीहून तुमी? सोनारीच्या जत्रेत भेटलो त्यानंतर आत्ताच! कळवायचं तरी!"

"म्हटलं, न सांगता जाऊन पोरगं बघून यावं," पाहुणे धापा टाकत म्हणाले. "कुठाय तुमचा पोरगा? हैदराबादेला शिकलेला?"

अप्पांनी झाऱ्यानं मला दाखवलं. माझ्या मुठीत अजून होणाऱ्या सासऱ्यांचं उपरणं होतं.

"हा? हा तर चहा देतोय!"

"तेच शिकलाय," अप्पा म्हणाले.

घरी कोणती सुशीला होती, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिच्याविषयी आपण तिच्या बापासमोर, भर हॉटेलात काय काय बोललो, तेही एकेक करून आठवायला लागलं. लिंबू पिळलं की गप बसती! जमीन दुभंगेल तर बरं, असं वाटलं, पण मुरुमची जमीन काळी आणि चिवट. उन्हाळ्याशिवाय दुभंगत नाही. आत अव्वानं कपाळावर हात मारला, तो आवाज बाहेर आला.

मग म्हातारी, म्हणजे विश्वनाथअण्णांची काशीआत्या, काठी टेकत उठली. माझ्यासमोर येऊन तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"इसनाथ, सुशीलासाठी आपन किती पोरं बघितली?"

"लई."

"कुनाला घड्याळ पायजे, कुनाला कोट. सगळ्यांचं हात पुढं. हे पयलं पोरगं बघितलं, हातात दिलेलं मान्साच्या खिशात परत कोंबतंय! वर भांडतंय बी! मला पसंत हाय."

माझी मान अशी ताठ झाली की फडकं खांद्यावरून खाली पडलं. मी विजयानं चारी बाजूंना बघितलं. पण आत्याचं बोलणं संपलं नव्हतं.

"आन् बक्षीस घेनं म्हंजे अपमान, असं म्हंतोस न्हवं पोरा?"

"व्हय आत्या!" मी खणखणीत आवाजात म्हणालो.

"चवलीनं एवढा अपमान हुतोय, तर हुंड्यानं केवढा हुईल! न्हाय बाबा. जावयाचा असला अपमान आपन करनार न्हाय. इसनाथ, हुंडा रद्द."

हॉटेलात एकच कल्लोळ झाला. हमालांनी बाकडी वाजवली. गंगव्वा म्हणाली, "आसं पायजे!" अप्पांचा झारा तिरपा झाला आणि भजी एकेक करून जमिनीवर पडली. हुंड्यातून हॉटेलवर नवे पत्रे घालायचे, असं त्यांनी ठरवलेलं होतं. आणि मी? मी मनातल्या मनात एक नवीकोरी सायकल घेऊन, घंटी वाजवत, कितीतरी वेळा उमरग्याला जाऊन आलो होतो!

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. पाटी माझीच होती. अक्षरही माझंच होतं.

"बरोबर हाय, आत्या," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या स्वतःच्या कानावर आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

विश्वनाथअण्णांनी उपरणं माझ्या मुठीतून सोडवून घेतलं आणि पहिल्यांदाच हसले. "मग आता ह्या आनंदात सगळ्यांना चहा माझ्याकडनं! पैसे तरी घेशील का जावई?"

"घेणार की. वाढीव दरानं!"

टाळ्या पडल्या. पण चहा येईना. कारण चहा आणायचा मी, आणि मला भट्टी कुठल्या दिशेला आहे हेही सुचत नव्हतं. एका हातात रिकामी किटली, दुसऱ्या हातात उपडा कप. देशमुखांची तलफ अगदी टोकाला गेली होती. त्यांनी सवयीनं खिशात हात घातला, पाटी बघितली, हात बाहेर काढला. शेजारी बसप्पा छताकडं बघत बसला होता.

"बश्या," देशमुख म्हणाले.

बसप्पा छताकडं बघत राहिला.

"बसप्पा."

काही नाही.

देशमुखांनी उपरणं सावरलं. "अहो बसप्पा, तुम्ही तरी आणा की राव चहा!"

बसप्पानं हळूच मागं वळून बघितलं. मागं भिंत होती. म्हणजे 'अहो' त्यालाच होतं! त्याच्या मिशा थरथरल्या. तो उठला, जमिनीवरचं फडकं झटकून खांद्यावर टाकलं, किटली माझ्या हातातून काढून घेतली आणि असा सुटला की बघता बघता सगळ्यांच्या पुढ्यात वाफाळता चहा! देशमुखांना, हमालांना, गंगव्वाला, एकाच दमात. पाहुणे थक्क झाले. "चहा चांगला हाय," ते तोंडानं म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्याकडं बक्षीस कायमचं बंद झालं. ज्याला गरम चहा हवा त्यानं 'अहो बसप्पा' म्हणायचं. आणि एकदा सगळेच म्हणायला लागल्यावर सगळ्यांचाच चहा गरम यायला लागला. बसप्पा एवढा खूश, की पगाराच्या दिवशी बायकोला म्हणाला, तू बी अहो म्हन. (ती काय म्हणाली ते त्यानं सांगितलं नाही.) गिऱ्हाईक परत आलं, दुपटीनं आलं. करीमचाचा पुन्हा रस्ता ओलांडून आले, "वो पाटी कैसी लिक्खे, मेरेकू बी लिखके देव," म्हणाले. मी लिहून दिली. अप्पांनी पत्रे पुढं हॉटेलच्याच कमाईतून घातले, आणि मला गल्ल्यावर बसवून गावभर सांगत फिरले की, पोरगा हैदराबादेला शिकून आलाय.

लग्न थाटात झालं. सुशीला घरात आली. पहिल्याच सकाळी तिनं मला चहा करून दिला. काय चहा होता तो! मी कप खाली ठेवून मनापासून म्हणालो, "वा! असा चहा मी हैदराबादेतसुद्धा प्यालो न्हाय!"

तिनं हात पुढं केला.

"काय?" मी विचारलं.

"बक्षीस."

मी छाती पुढं काढून म्हणालो, "आपल्याकडं बक्षीस बंद हाय."

"व्हय, आत्या सांगत हुती," ती पदर खोचत म्हणाली. "मग आजपासून दर वाढला म्हना."

आणि तेव्हापासून तो वाढतच गेला. गिऱ्हाईक कुठं पळून जात नाही, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं!